हंस, गरुड आणि कृष्णविवरांचे झोत

"कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडत नाही, मग ते दिसते कसे?" हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात हमखास येतो. त्याचे नेहमीचे उत्तर बरोबरच आहे. विवर दिसत नाही, त्यात पडणारा वायू दिसतो. शेजारच्या ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो, सरळ न पडता तबकडीसारखा फिरत राहतो, घर्षणाने लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो.

पण या उत्तरात अर्धी गोष्ट राहून जाते. या वायूतला काही भाग विवरात पडतच नाही. अगदी उंबऱ्याशी पोचून तो तबकडीच्या काटकोनात, दोन विरुद्ध दिशांना, प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करील अशा वेगाने बाहेर उडतो. यांना झोत म्हणतात. आणि हे झोत रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत वर्णपटाच्या जवळजवळ सगळ्या भागात उजळतात. मीटरभर तरंगलांबीपासून ते त्याच्या एकावर वीस शून्ये इतक्या बारीक भागापर्यंत ही मजल जाते. एकच वस्तू इतक्या प्रकारचा 'प्रकाश' कशी देते, हे समजायला पन्नासएक वर्षे लागली. एकेका दुर्बिणीने ते समजणे शक्यच नव्हते. निरनिराळ्या तरंगलांब्यांवर काम करणारी माणसे एकाच वेळी एकाच दिशेला पाहू लागली, तेव्हा कोडे सुटू लागले.

सप्टेंबर-ऑक्टोबरात अंधार पडला की डोक्यावर अभिजित, श्रवण आणि डेनेब या तीन ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसतो. डेनेब हंस तारकासमूहातला, श्रवण गरुडातला. आपल्या कथेतली बहुतेक पात्रे याच दोन समूहांत राहतात.

१९६४ साली अमेरिकेतून सोडलेल्या अग्निबाणावरील उपकरणांना हंसाच्या दिशेने येणारे क्ष-किरण आढळले. त्या स्रोताला 'हंस क्ष-१' (सिग्नस एक्स-१) असे नाव पडले. पण तो नेमका कुठे आहे? त्या वेळची क्ष-किरण उपकरणे आकाशातला एक ढोबळ तुकडा दाखवत. त्यात शेकडो तारे. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील तळावरून 'उहुरू' हा उपग्रह उडाला, तेव्हा जागा बरीच आकुंचन पावली, पण पुरेशी नाही.

मग १९७१ च्या मार्च-एप्रिलमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. हॉलंडमधील वेस्टरबोर्क आणि अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणींना त्या भागात एक क्षीण रेडिओ स्रोत दिसू लागला. आधी तो दिसत नव्हता. रेडिओ दुर्बिणी जागा फार काटेकोरपणे सांगतात. त्या जागी होता एचडीई २२६८६८ हा नवव्या प्रतीचा निळा तारा. शाळेच्या लहान दुर्बिणीतूनही तो दिसू शकतो. इंग्लंडमध्ये लुईस वेबस्टर व पॉल मर्डिन यांनी आणि टोरांटोत टॉम बोल्टन यांनी त्याच्या वर्णपटाचा पाठपुरावा केला. हा तारा ५.६ दिवसांत कोणा अदृश्य, जड जोडीदाराभोवती फेरी मारतो, असे निघाले. कृष्णविवराचा पहिला भक्कम उमेदवार असा सापडला. (आजच्या मोजमापानुसार त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे.)

इथपर्यंतची कथा पुस्तकांत असते. पुढची सहसा नसते. उहुरूच्या नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा दिसले की नेमक्या त्याच आठवड्यांत क्ष-किरणांचा पोतही बदलला होता. कमी ऊर्जेचे, 'मवाळ' क्ष-किरण एकदम घटले होते आणि जास्त ऊर्जेचे 'कठोर' क्ष-किरण वाढले होते. म्हणजे क्ष-किरणांनी कूस बदलली आणि रेडिओ पेटला. दोन्ही गोष्टींच्या तरंगलांब्यांत अब्जावधी पटींचे अंतर, पण घटना एकच. १९७२ मध्ये हे छापून आले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा संकेत होता. पण त्याचा अर्थ लागायला पाव शतक जावे लागले, कारण रेडिओवाले आणि क्ष-किरणवाले आपापल्या परिषदांना जात होते!

एक अपवाद मात्र लगेच घडला. २ सप्टेंबर १९७२ रोजी फिलिप ग्रेगरी हे कॅनडातील अल्गॉनक्विन येथील ४६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने 'हंस क्ष-३' पाहत होते. एरवी कसाबसा जाणवणारा तो स्रोत हजारो पटींनी उसळला होता. त्यांनी इतरांना कळवले आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. 'नेचर फिजिकल सायन्स' या साप्ताहिकाचा २३ ऑक्टोबरचा अंक जवळजवळ पूर्णपणे या एका स्फोटाला वाहिलेला होता. (हंस क्ष-३ मधील जोडीदार कृष्णविवर आहे की न्यूट्रॉन तारा, यावर एकमत नाही.) उसळी प्रत्येक तरंगलांबीवर वेगवेगळ्या वेळी शिगेला पोचली होती. आधी लहान तरंगलांबी, मग मोठी. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

रेडिओ लहरी येतात कुठून?

तापलेला लोखंडाचा गज तांबडा दिसतो, अधिक तापवला की पांढरा होतो. ही औष्णिक प्रारणे. झोतातल्या रेडिओ लहरींना हे स्पष्टीकरण लावले तर तापमान इतके अवाढव्य येते की त्याला अर्थच उरत नाही. तेव्हा कारण दुसरे असले पाहिजे.

ते कारण पृथ्वीवर, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिसले होते. १९४७ साली अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांनी ७ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा सिंक्रोट्रॉन चालवला. चुंबकाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना वर्तुळात फिरवून वेग देणारे हे यंत्र. त्याची निर्वात नळी काचेची, पारदर्शक होती. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपाशी एक झगझगीत ठिपका उघड्या डोळ्यांना दिसला. प्रकाशाच्या जवळपास वेग असलेला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळला की प्रारणे फेकतो. यालाच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. त्याच्या लहरींचे कंपन मुख्यतः एका प्रतलात असते, म्हणजे ते ध्रुवीकृत असते, ही त्याची खूण. १९५० च्या दशकात ही कल्पना आकाशाला लावली गेली. योसिफ श्क्लोव्हस्की यांनी कर्क तेजोमेघाचा प्रकाश असा असल्याचे सुचवले. हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये एम८७ या दीर्घिकेतून निघालेली एक चमत्कारिक सरळ रेघ नोंदवली होती. तिचा प्रकाश ध्रुवीकृत असल्याचे वॉल्टर बाडे यांनी १९५६ मध्ये दाखवले. ती रेघ म्हणजे महाकाय कृष्णविवराचा झोत.

वर्गात सांगण्यासारखा एक हिशोब इथे आहे. सिंक्रोट्रॉन प्रारणाची वारंवारिता इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी आणि २ मायक्रोमीटरचे अवरक्त किरण यांच्या वारंवारितेत १०,००० पटींचा फरक आहे. तेव्हा चुंबकीय क्षेत्र तेच असेल, तर अवरक्त किरण द्यायला इलेक्ट्रॉनची ऊर्जा फक्त १०० पट हवी. म्हणूनच निरनिराळ्या ऊर्जांच्या इलेक्ट्रॉनांचा एकच घोळका वर्णपटाचा एवढा मोठा पट्टा व्यापू शकतो. आणि एवढ्यावर भागत नाही. हेच इलेक्ट्रॉन भोवतालच्या प्रकाशकणांना धडकून त्यांना आपली ऊर्जा देतात. ताऱ्याचा अतिनील प्रकाशकण धडक खाऊन गॅमा किरण बनतो. कॉम्प्टन परिणामात प्रकाशकण इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो. इथे व्यवहार उलटा आहे, म्हणून त्याला व्यस्त कॉम्प्टन म्हणतात.

गरुडातले दोन भाऊ

१९७७ साली ब्रूस स्टीफनसन आणि निकोलस सांडुलिक यांनी वर्णपटात तेजस्वी रेषा असलेल्या ताऱ्यांची यादी छापली. तिच्यातला ४३३ वा तारा म्हणजे एसएस ४३३. ब्रूस मार्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या वर्णपटात अशा जागी रेषा दिसल्या, जिथे कोणत्याच मूलद्रव्याची रेषा नसते. शिवाय त्या रात्रीगणिक सरकत होत्या, एक तांबड्याकडे, दुसरी निळ्याकडे. त्या हायड्रोजनच्याच रेषा होत्या, डॉपलर परिणामाने भलत्याच लांब गेलेल्या. एक झोत आपल्याकडे, एक आपल्यापासून दूर, आणि दोन्ही भोवऱ्याच्या आसासारखे डुलत सुमारे १६२ दिवसांत एक फेरा पुरा करणारे. वेग प्रकाशाच्या २६ टक्के. लवकरच रेडिओ चित्रांत हे झोत बूच काढण्याच्या स्क्रूसारखे नागमोडी दिसले.

गंमत अशी की झोत दृष्टिरेषेला काटकोनात येतात, तेव्हा दोन्ही रेषा एका जागी येतात, पण मूळ जागी नाही. ६५६ नॅनोमीटरची रेषा ६८० च्या आसपास सापडते. काटकोनात साधा डॉपलर परिणाम शून्य असायला हवा. उरलेले सरकणे म्हणजे आइन्स्टाइनने सांगितलेले काळाचे मंदावणे, साडेतीन टक्क्यांचे. सापेक्षतेचा इतका उघडा पुरावा ताऱ्यांच्या वर्णपटात क्वचितच मिळतो. एसएस ४३३ च्या झोतात साधे अणू आहेत, हेही या रेषांनी सिद्ध केले. इतर बहुतेक झोतांविषयी एवढेही ठामपणे सांगता येत नाही.

दुसरा भाऊ ऑगस्ट १९९२ मध्ये सापडला, रशियाच्या 'ग्रानात' उपग्रहावरील उपकरणाला. नाव जीआरएस १९१५+१०५. मधल्या धुळीमुळे तो साध्या प्रकाशात दिसतच नाही, पण रेडिओ, अवरक्त आणि क्ष-किरण धुळीतून बाहेर येतात. मूळ उरुग्वेचे फेलिक्स मिराबेल आणि मेक्सिकोचे लुईस रॉड्रिगेझ यांनी १९९४ च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोतील 'व्हीएलए' या २७ तबकड्यांच्या दुर्बिणीने तो पाहिला. मधल्या स्रोतातून दोन गोळे निघून विरुद्ध दिशांना सरकत होते. एक दिवसाला चापसेकंदाचे १७.६ हजारांश, दुसरा ९. अंतर ४०,००० प्रकाशवर्षे धरले, तर पहिल्याचा वेग प्रकाशाच्या सव्वापट भरत होता! दूरच्या क्वासारांमध्ये असे पूर्वी दिसले होते, आपल्या आकाशगंगेत मात्र हे पहिलेच. 'सूक्ष्म-क्वासार' हा शब्द आता सर्वांच्या तोंडी झाला.

प्रकाशापेक्षा वेगवान? विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगावे. समजा, गोळा ०.८ प्रकाशवेगाने आपल्या दृष्टिरेषेशी ६० अंशांचा कोन करून निघाला. १० दिवसांत तो ८ प्रकाशदिवस जाईल. त्यात आपल्याकडे ४ प्रकाशदिवस आणि आडवे ६.९. पण तो ४ प्रकाशदिवस जवळ आल्याने त्याचा नंतरचा प्रकाश लवकर पोचतो. आपल्याला ही सगळी हालचाल ६ दिवसांत झाल्यासारखी दिसते. ६.९ भागिले ६, म्हणजे १.१५. मागे जाणाऱ्या गोळ्यासाठी ६ च्या जागी १४ घ्या, ०.४९ येते. वेग कोणीच ओलांडलेला नाही, फक्त टपाल लवकर पोचले.

या कथेचा उत्तरार्ध मला अधिक शिकवणारा वाटतो. झोताचा वेग अंतरावर अवलंबून काढलेला होता आणि अंतर पुढे चुकीचे ठरले. २०१४ मध्ये मार्क रीड व सहकाऱ्यांनी पराशयाने, म्हणजे पृथ्वीच्या वार्षिक फेरीमुळे ताऱ्याची जागा किती हलते हे मोजून, अंतर २८,००० प्रकाशवर्षे काढले. २०२३ च्या सुधारित मोजणीत ते सुमारे ३१,००० झाले. नवे अंतर घातले, तर १९९४ च्या त्या प्रसिद्ध गोळ्याचा भासमान वेग प्रकाशाच्या ०.९५ पट भरतो आणि खरा वेग ०.९२ वरून ०.७२ च्या आसपास उतरतो. 'प्रकाशाहून वेगवान' हा मथळा त्या गोळ्यापुरता गेला! पण १९९७ च्या उसळीत इंग्लंडच्या 'मर्लिन' दुर्बिणींना गोळा दिवसाला २३.६ हजारांश सरकताना दिसला होता. नव्या अंतरानेही तो प्रकाशाच्या सव्वापटीहून थोडा अधिकच येतो. मथळा असा मागच्या दाराने परत आला.

तीन डोळ्यांनी एकदम

जीआरएस १९१५+१०५ ची क्ष-किरणांतली वागणूक भलतीच चंचल होती. मिनिटांत, कधी सेकंदांत तेज चढे-उतरे. भारताच्या आयआरएस-पी३ या उपग्रहावर (उड्डाण २१ मार्च १९९६) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणि इस्रोची क्ष-किरण उपकरणे होती. त्यांनीही १९९६-९७ मध्ये ही लय टिपली. तबकडीचा आतला भाग रिकामा होतो, पुन्हा भरतो, पुन्हा रिकामा होतो, असा अर्थ तोमासो बेलोनी व सहकाऱ्यांनी लावला. दुसरीकडे केंब्रिजच्या राइल दुर्बिणीने पाहणारे गाय पूली यांना रेडिओत वीस ते चाळीस मिनिटांची आंदोलने दिसत होती. अवरक्तातही तशीच. हे तिन्ही एकच आहे का?

१९९७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन गटांनी हे पडताळले. एकाने पालोमारची २०० इंची दुर्बीण आणि क्ष-किरण उपग्रह जोडीने वापरले. मिराबेल यांच्या गटाने ९ सप्टेंबरला क्ष-किरण, अवरक्त आणि रेडिओ असे तीन डोळे एकदम उघडले. क्ष-किरण एकदम पडले. तबकडीचा आतला भाग नाहीसा झाला. मग क्ष-किरणांत एक टोकदार शिखर, पाठोपाठ अवरक्ताचा उंचवटा आणि काही मिनिटांनी रेडिओचा. रेडिओतही आधी लहान तरंगलांबी, मग मोठी.

हंस क्ष-३ चा क्रम आठवला? इलेक्ट्रॉनांचा ढग आधी दाट असतो, स्वतःचेच रेडिओ प्रारण गिळतो. फुगत जातो तसतसा पारदर्शक होतो, आधी लहान तरंगलांबींना, नंतर मोठ्यांना. हा हिशोब व्हॅन डर लान यांनी क्वासारांसाठी १९६६ मध्येच मांडलेला होता. फुगीर गोळ्यांऐवजी झोत सलग वाहत असेल, तर हाच क्रम वेळेऐवजी लांबीवर पसरतो. विवराजवळचा अरुंद भाग अवरक्तात चमकतो, दूरचा रुंद भाग रेडिओत, आणि सर्वांची बेरीज केली की वर्णपट जवळजवळ सपाट येतो. ही कल्पना ब्लँडफर्ड व क्योनिग्ल यांची, १९७९ ची.

आता १९७१ च्या कोड्याचा अर्थ लागतो. विवर 'कठोर' क्ष-किरणांच्या अवस्थेत असताना सलग झोत वाहतो, 'मवाळ' अवस्थेत तो बंद पडतो आणि एका अवस्थेतून दुसरीकडे जाताना मोठे गोळे उडतात. रॉब फेंडर, बेलोनी आणि एलेना गालो यांनी २००४ मध्ये हे एकत्र मांडले. तरीही अंतर कुणी मोजले नव्हते. विवरापासून किती दूर गेल्यावर झोत पेटतो? जून २०१५ मध्ये हंस समूहातीलच व्ही४०४ सिग्नी २६ वर्षांनी जागा झाला. पोषक गांधी आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण उपग्रह व वेगवान कॅमेरा यांनी त्याला एकाच वेळी पाहिले. क्ष-किरणांच्या झटक्यानंतर ०.१ सेकंदाने साध्या प्रकाशाचा झटका येत होता. ०.१ सेकंदात प्रकाश ३०,००० किलोमीटर जातो. पृथ्वीच्या अडीच व्यासांपेक्षाही कमी अंतर, तेही ७,८०० प्रकाशवर्षांवरून, केवळ घड्याळाने मोजलेले!

क्ष-किरणांचा स्वतःचा वाद मात्र मिटलेला नाही. ते झोताच्या बुडातून येतात की तबकडीवरील तप्त वायूतून? २०२२ मध्ये 'आयएक्सपीई' उपग्रहाने हंस क्ष-१ चे ध्रुवीकरण मोजले. कमी ऊर्जेचे क्ष-किरण तबकडीला लागून पसरलेल्या तप्त वायूचे असल्याचे त्यावरून दिसले. पण आपल्या 'ॲस्ट्रोसॅट'ने (२८ सप्टेंबर २०१५) त्याच स्रोताच्या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांत बरेच अधिक ध्रुवीकरण नोंदवले. तिथे झोताचा हात दिसतो.

गॅमा किरणांची कथा अजून ताजी आहे. एसएस ४३३ च्या झोतांत २५ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण असल्याचे मेक्सिकोतील 'हॉक' वेधशाळेने २०१८ मध्ये जाहीर केले. २०२४ मध्ये नामिबियातील 'हेस' दुर्बिणींनी जागा दाखवली. मध्यापासून सुमारे ७५ प्रकाशवर्षांवर झोत अडखळतो आणि तिथे इलेक्ट्रॉन नव्याने वेग घेतात. चीनमधील ४,४१० मीटर उंचीवरच्या 'ल्हासो'ने पाच सूक्ष्म-क्वासारांतून असे किरण टिपले. पैकी धनू राशीतील व्ही४६४१ चे ८०० लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत. एवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनांना जमणे अवघड, तिथे प्रोटॉन असावेत असे अनेकांना वाटते. तसे असेल तर आपल्या डोक्यावर रोज कोसळणाऱ्या वैश्विक किरणांतले जोरकस कण कुठून येतात, या शंभर वर्षांच्या प्रश्नाचे एक उत्तर या झोतांत आहे.

जुन्नर तालुक्यात खोडद येथील महाकाय मीटर-तरंग दुर्बिणीने २००१ मध्ये जीआरएस १९१५+१०५ पाहिला, तेव्हा तो क्ष-किरणांत आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक होता. जुलै २०१८ पासून त्याचे क्ष-किरण मंदावत गेले. विवर उपाशी पडले, असे आधी वाटले. पण २०१९ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तिथे जोरदार उसळ्या दिसू लागल्या. विवर जेवतच होते, फक्त क्ष-किरणांसमोर दाट वायूचा पडदा आला होता.